कापलेला फोटो आणि बाप्तिस्म्याची वही

माझ्या आजोबांच्या सख्ख्या धाकट्या भावाला आणि त्याच्या बायकोला मी एका फोटोतून कात्रीने कापून काढले. पंचवीसहून अधिक वर्षे मी हे कोणालाही सांगितले नाही. विचारले तेव्हा वाळवीचे नाव सांगितले.

आम्ही वारली. मनोरच्या रस्त्याला आतल्या बाजूस आमचा पाडा आहे. आजोबांच्या काळी तिथे मिशनचे एक फादर येत आणि त्यांच्याजवळ कॅमेरा होता. त्यांनी शाळेच्या छपरापुढे दोघा भावांना बायकांसह उभे केले होते. डावीकडे माझे आजोबा, अंगात कोट, कारण ते त्या शाळेत मुलांना अक्षरे शिकवीत. उजवीकडे त्यांचा भाऊ लंगोटीवर, कमरेला कोयता खोचलेला. शेजारी त्याची बायको, गुडघ्यावर लुगडे, डोक्यावर मोळी. मोळी उतरवून ठेवायलाही तिला कोणी सांगितले नसावे.

हा फोटो धाकट्या घरात, म्हणजे त्या भावाच्या घरी, त्याच्या सुनेच्या, माझ्या काकींच्या पत्र्याच्या पेटीत असे. बोईसरला तारापूरच्या वसाहतीत मला क्वार्टर मिळाले तेव्हा, ‘कॉपी काढून परत आणतो,’ असे सांगून मी तो नेला. माझे शेजारी सांगलीचे, अमरावतीचे. त्यांच्या भिंतींवर फेटे बांधलेले पूर्वज होते. मला भिंतीवर आजोबा हवे होते, पण कोटातले आणि एकटे. आजी त्यांच्या पलीकडे, फोटोच्या डाव्या कडेला, नीट नेसलेली, म्हणून ती राहिली. उजवा अर्धा भाग मी कापला, बारीक फाडला आणि कचऱ्यात टाकला.

कापण्यापूर्वी मी मागची बाजू वाचली होती. फादरांनी प्रत्येकाच्या पाठीमागे शाईने दोन दोन नावे लिहिली होती: एक पाड्यावरचे, एक बाप्तिस्म्याचे. ती नावे मला आजही पाठ आहेत.

काकींनी पुढे फोटोची आठवण करून दिली. मी म्हणालो, वाळवी लागली.

“वाळवी? तुमच्या शिमिटाच्या घरात?” त्या हसल्या. “आमच्या कुडात इतकी वरसं होता, त्याला काय झाला नाय. शिकलेली वाळवी दिसतेय.”

काही वर्षांनी त्या वारल्या. मला वाटले, प्रकरण त्यांच्याबरोबर संपले.

गेल्या वर्षी काकींचा मुलगा, ज्याला मी दादा म्हणतो, आपल्या मुलीला घेऊन बोईसरला माझ्या घरी आला. पाड्यावरचे कोणी येणार असले की भिंतीवरची ती तसबीर मी कपाटात ठेवत असे; तेव्हाही ठेवली. दादा कारखान्यात माल चढवतो. मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, परंतु जमातीची व्हॅलिडिटी, म्हणजे वैधता प्रमाणपत्र, मुदतीत दिली नाही तर तो रद्द होणार होता. धाकट्या घरात दादाच्या आधी कोणी शाळेची पायरी चढले नव्हते. जमात लिहिलेला जुना कागद एकच: चर्चमधली बाप्तिस्म्याची नोंद.

अडचण अशी, की आमच्याकडे बाप्तिस्म्याचे नाव चर्चच्या दारातच राहते. शेतात, भांडणात, लग्नात माणूस पाड्यावरच्या नावाने जगतो. जमिनीच्या कागदावर दादाच्या आजाचे पाड्यावरचे नाव होते आणि चर्चच्या वहीत दुसरेच. ही दोन नावे एकाच माणसाची, हे पडताळणी समितीला दाखवायचे होते. तेवढे झाले असते तर माझी व्हॅलिडिटीही तिच्या उपयोगी पडली असती, कारण वहीत दोघा भावांचे आईबाप एकच होते. नुसत्या आडनावाने काय होणार? अर्ध्या पाड्याचे आडनाव तेच आहे.

मी रजा काढून त्यांच्याबरोबर चर्चमध्ये गेलो. मदत करतो आहे असे दिसावे, हाही हेतू त्यात होता. तिथल्या आताच्या फादरांनी जाड वही उघडली. पाने कडांना तपकिरी झाली होती. त्यांचे बोट एका ओळीवर थांबले.

“हा आमचा आजा?” दादा वाकून म्हणाला. “नाव तर गोऱ्या सायबाचा हाय!”

“सायब आन लंगोटीवर!” मुलगी हसली. दुसऱ्याच क्षणी तिचा चेहरा उतरला. “पण बाबा, हे कोण मानणार?”

“तो फोटो असता तर,” दादा म्हणाला. “आई सांगायची, मागं समदा लिवलाय. वाळवीनं खाल्ला.”

मी हातातली प्लास्टिकची फाइल उघडून उगाच कागद चाळू लागलो. फादर म्हणाले, मिशनचा एक जुना अल्बम आहे, त्यात प्रत असेल. मी मनापासून प्रार्थना केली. ती मुलीसाठी होती असे त्या वेळी मी स्वतःला समजावले. प्रत सापडली तर मला काही बोलावे लागणार नव्हते, हे खरे कारण होते.

प्रत सापडली. चौघेही होते. दादाच्या आजाने आपला हात माझ्या आजोबांच्या खांद्यावर ठेवलेला होता. माझ्या भिंतीवरच्या तुकड्यात त्या हाताची चार बोटे उरली आहेत. पाहुण्यांनी विचारले की मी ‘शाळेतले कोणी सहकारी’ असे सांगत आलो.

फादरांनी पातळ सुरीने फोटो हळूच सोडवला. मागची बाजू कोरी होती.

“मूळ फोटोच्या मागचे ज्याने वाचले असेल, त्याचे प्रतिज्ञापत्र जोडता येईल,” ते म्हणाले. “आणि त्या जुन्या फादरांच्या हस्ताक्षरातला फोटोचा एखादा तुकडा जरी मिळाला, तर त्यांनीच लिहिलेल्या या वहीशी ताडून प्रतिज्ञापत्राला आधार देता येईल. तुमच्या आईंनी वाचले होते का?”

“आईला वाचता कुठं येत होता, फादर,” दादा म्हणाला.

मुलगी मोबाइलवर अल्बमचा फोटो काढत होती. एक पळवाट मला तेव्हाही दिसली: वाळवी लागण्यापूर्वी वाचले होते, असे लिहून द्यावे. पण हस्ताक्षराचा तुकडा माझ्याच घरी काचेआड होता, आजोबांच्या पाठीवर त्यांची दोन नावे घेऊन. तो बाहेर काढला की त्याची सरळ कापलेली कड सगळ्यांना दिसणार होती. वाळवी सरळ रेषेत खात नाही. तुकडा घरीच ठेवला तर मुलीचे काय होईल, हेही मला कळत होते. तुकडा दिला तरी समिती तेवढ्यावर मानेल की नाही, हे आम्हा कोणालाच ठाऊक नव्हते. मी वहीच्या टेबलाशी दादासमोर जाऊन उभा राहिलो.

“दादा,” मी म्हणालो, आणि अनेक वर्षांनी पाड्याची बोली माझ्या तोंडात आली. “वाळवी नव्हती. मीच कापला तो फोटो. अर्धा माझ्या घरात हाय, मागच्या नावांसकट. तुझ्या आजाची मला लाज वाटली, म्हणून त्याला न् तुझ्या आजीला मी फाडून टाकला. काकीशी खोटा बोललो. त्याचा भोग आता या पोरीला भोगावा लागतोय. समितीपुढं मी हेच लिवून देईन, जसा केला तसा. दादा, माझा चुकला. बाय, तुझाही मी गुन्हेगार हाय. मला माफ करा.”