चिनूदादाच्या अंगावरची साडी

काल चिनूदादानं, माझ्या चुलतभावानं, फोनवर एका जुन्या भुताच्या सिनेमाचं पोस्टर पाठवलं. तो सिनेमा नव्या प्रिंटमध्ये पुन्हा डिस्कवर येतोय. खाली दादानं लिहिलं होतं, ‘याद है? कसली चिकटली होतीस मला!’

आईच्या तेराव्याच्या आदल्या दिवसाची दुपार होती. मी आठ वर्षांची होते. दूधविनायक मोहल्ल्यातल्या आमच्या घरातले पुरुष घाटावर गेले होते, काकू स्वयंपाकघरात होती, आणि आम्ही मुलं खिडक्यांना चादरी लावून तो सिनेमा बघत होतो. त्यातली मेलेली बाई दार ढकलून आपल्या घरी परत येते. बाकीच्यांनी उशीत तोंडं खुपसली. मी मात्र आमच्याच दाराकडे बघत राहिले.

आणि दारातून खरंच आईची निळी साडी आत आली. दान द्यायच्या गठ्ठ्यातून काढून चिनूदादानं ती डोक्यावरून ओढून घेतली होती. मी धावत जाऊन तिला मिठी मारली. साडीला आईच्या पावडरचा वास होता.

“अगं सोड ना, पागल! मी आहे!” दादा खिदळला. “देखो, डर गई!”

सगळे टाळ्या पिटून हसले. मी सोडेना, तेव्हा काकूनं येऊन माझी बोटं सोडवली.

“चुरगळू नको गं, उद्या द्यायचीय,” म्हणत तिनं साडी झटकून पुन्हा घडी घातली.

तेव्हा मला चिनूदादाचा भयंकर राग आला होता. आता वाटतं, त्यानं ती साडी आणखी थोडा वेळ अंगावर ठेवायला हवी होती.