दोन डिस्क आणि एक हिरवं पुडकं

को श्यूलुआनने पुन्हा घड्याळ बघितलं. पडद्यावरचा आकडा हलायला तयार नव्हता. बारा टक्के. मघाशीही बाराच होते.

सकाळी काओश्युंग बंदरातल्या खलाशी संघटनेचा जुना सर्व्हर बंद पडला होता, आणि चार वाजता कामगार खात्यात सुनावणी होती. कस्मुरी हा खलाशी आणि त्याचे तीन सोबती मासेमारी बोटीवर वीस-वीस तास जाळी ओढत होते. हजेरीच्या पानांचे फोटो दाखवले नाहीत, तर तक्रार निकालात आणि चौघं संध्याकाळी त्याच कप्तानाच्या बोटीवर. फोटोंची नक्कल होती, पण श्यूलुआननेच तिला असं कुलूप घातलं होतं की संघटनेच्या सर्व्हरची प्रणाली असल्याखेरीज ती कुठे उघडेना. म्हणून नवं मशीन, त्यावर नवी प्रणाली बसवणं चाललेलं. आणि एक वाजून गेलेला.

"पुडक्याची तारीख बघ आधी," सचिव थिएनछायकाका म्हणाले.

मशीनवर मक्याच्या कुरमुऱ्यांचं हिरवं पुडकं ठेवलं होतं. इथे प्रत्येक मशीनवर ते असतंच, मशीन शहाण्यासारखं वागावं म्हणून. पिवळं चालत नाही, लाल चालत नाही, शिळं तर मुळीच नाही.

"गेल्या महिन्यातच संपलीय! तरीच रुसलंय. मी ताजं आणतो, तोवर एकदा बंद करून चालू करू." काकांचं बोट बटणाकडे निघालं.

श्यूलुआनने फटकन त्यांचा हात उडवला. "बोट मोडीन, काका! पहिल्यापासून सुरू होईल सगळं!"

"मग एखाद्या इंजिनियरला विचारू या का?"

हे वाक्य तिला चटकाच द्यायचं. एकोणीस वर्षं तिने कारखान्यात अशाच मशीनांच्या सर्किटच्या पाट्यांना डाग दिले होते. मालक टाळं ठोकून पसार झाला, तेव्हा फाटकासमोर धरणं धरून बसल्या बसल्या भंगारातले संगणक उघडून ती शिकली. कोणी शिकवलं नव्हतं, आणि कोणाला विचारायची तिला सवयही नव्हती.

ती खुर्चीतून उठली, बसली. मग मशीनला कान लावला. दोन्ही डिस्क जीव तोडून खरखरत होत्या. आणि काम बारा टक्के?

"मेल्या नक्कल करतायत!"

दोन डिस्कवर एकच मजकूर राहावा म्हणून तिनेच त्यांची जोडी लावली होती. आता पहिली डिस्क, अजून रिकामीच, आपलं रिकामपण इमानेइतबारे दुसरीवर उतरवत होती. प्रणालीच्या वाट्याला उरलंसुरलं. श्यूलुआनने दुसरा काळा पडदा उघडला आणि जुळणीच्या वेगाची मर्यादा दोन लाखांवरून एक हजारावर आणली.

एकोणीस टक्के. एकतीस.

"पण जुळायच्या आधी एक डिस्क गेली तर?"

"फोटोंची नक्कल माझ्या पिशवीत आहे. जा, आणा तुमचं पुडकं."

अडीचला प्रणाली बसली, मशीन नव्याने चालू झालं. फोटो उतरायला लागले आणि पुन्हा तेच, मुंगीच्या पावलाने. तिने दात आवळले. मग कपाळावर हात मारला: मशीन नव्याने उठलं की तिचा आकडा विसरणारच! तिने तो पुन्हा टाइप केला, तेवढ्यात काकांनी ताजं पुडकं वर ठेवलं. फोटो धावले.

"बघितलंस? ठेवलं आणि पळालं!"

"हो ना. पुडक्यानेच टाइप केलं."

सव्वातीनला छपाई संपली. काका पानं छातीशी धरून स्कूटरवरून गेले. श्यूलुआनने वेगाची मर्यादा परत दोन लाखांवर नेली आणि खोलीत येरझाऱ्या घालू लागली. सकाळपासून कोपऱ्यात बसलेला कस्मुरी फोनकडे बघत होता.

पाच वाजायला आले तेव्हा फोन वाजला. "पानं दाखल झाली!" काका ओरडत होते. "पुढच्या तारखेपर्यंत चौघांना बोटीवर चढवायचं नाही, असं लिहून दिलंय!"

कस्मुरी तोंड झाकून हसला का रडला, कळेना. मग म्हणाला, "मावशी, सकाळपासून कोणी काही खाल्लं नाही," आणि पुडक्याकडे हात नेला.

चापट बसली.

"ठेव ते! डिस्क जुळायला अजून पाच तास दाखवतंय."