पुतळ्याला विचारलेलं नाव

आईच्या वॉर्डात इंजेक्शनची ट्रॉली आली, तर ती ढकलणारी सिस्टर आमच्या नर्सिंग कॉलेजातली माझीच जुनी विद्यार्थिनी निघाली. ट्रॉलीच्या कडेला एक कागद चिकटवलेला होता आणि त्यावर सगळ्या पेशंटचे बारकोड ओळीने लावलेले होते. आईच्या मनगटावरचा बारकोडचा पट्टा पांघरुणातच राहिला. हिने कागदावरचा कोड स्कॅन केला, मशीनवर हिरवा दिवा लागला आणि ही सुई टोचून मोकळी झाली.

"अगं, पट्टा स्कॅन करायचा ना?"

"मॅडम, तीस पेशंट आणि मी एकटी. मशीनला काय, हिरवं झालं की झालं."

तिला काय बोलणार? चुकीचं औषध जाऊ नये म्हणून हॉस्पिटलने मशीन घेतलं, माणसं घ्यायची तेवढी राहून गेली. आम्ही तरी कुठले शहाणे! श्वास घेणारा, कण्हणारा महागडा पुतळा कॉलेजात शिकवायला आणला. त्याच्यावरच्या परीक्षेत हिला पैकीच्या पैकी मार्क मीच दिले होते. सुई उचलण्याआधी ही त्या पुतळ्याजवळ वाकायची, त्याचं मनगट हातात घ्यायची आणि हळूच विचारायची, "बाबा, तुमचं नाव काय?"

आई तर जागी होती. तिने नाव सांगितलं असतं.