मापाची वाटी

नाशिक जिल्ह्यात माझ्यासारखा ड्रायव्हर झाला नाय, हे मी कुठंबी छाती ठोकून सांगतो. गेल्या उन्हाळ्यात ह्याच ड्रायव्हरला गाडीत नुसतं बसवायला चार माणसं लागली, अन् बुडाखाली एक प्लास्टिकची पिशवी.

पिशवी कशाला? माझा डावा गुडघा बदलला ना. क्लच दाबून दाबून गेला तो. दवाखान्यात व्यायाम शिकवणारी पोरगी म्हणली, बाबा, गाडीत पाय आधी घालायचा नाय. पाठमोरं व्हायचं, सीटवर आधी बूड टेकवायचं, मग अख्खं धड फिरवून पाय आत घ्यायचे. खाली पिशवी असली का माणूस सरकत फिरतो. मी असा सरकलो का थेट गिअरच्या दांड्यावर जाऊन बसलो. उभी हयात निफाड-नाशिक काळी-पिवळी जीप हाकली, बोनटवरसुद्धा माणसं बसवली — अन् स्वतःला बसता येईना.

असल्या गोष्टी मी पोटभर सांगतो. लग्नात जेवणं उरकली का लोक म्हणतात, दगूनाना, होऊ द्या. मग मी माझीच फजिती सांगतो. शाळेतून कसा पळालो, सासरवाडीला जावईबुवा म्हणून गेलो अन् बैलाच्या गव्हाणीत कसा झोपलो. लोक म्हणतात, नाना स्वतःचं काय झाकून ठेवत नाय.

एक ठेवलं होतं. अजून कुणाला सांगितलेलं नाय. बायकोला सांगितलं ते बी अर्धंच — परवापर्यंत. अन् ते हसण्यासारखं नाय. म्हणजे, सुरू हसूनच झालं. तीच तर गोम हाय.

माझी बायको शेवंता. माहेर कळवणकडचं. तिच्या हातचे मांडे खाल्ले नसतील तर तुमचं अर्धं आयुष्य वाया गेलं असं समजा. पुरण भरलेला कणकेचा गोळा हातावर घेऊन फिरवत फिरवत उपरण्याएवढा करायचा, अन् चुलीवरच्या पालथ्या खापरावर टाकायचा. फाटायचा नाय. लग्नसराईत तिला गावोगावचं बोलावणं यायचं. ही कधी कळवणला, कधी वणीला, दोन-दोन दिवस. चुलीपुढं सारखी उठबस, पण ही हसत. मला लोक रस्त्यात विचारायचे, शेवंताबाईचे मालक का तुम्ही? मालक! घरातला तवा माझं ऐकत नव्हता.

मग तिचे गुडघे गेले. आधी उजवा, मग दोन्ही. मांड्याला जाणं सुटलं. पाच-सहा वर्षं झाली असतील, मी तिला नाशिकला डॉक्टरकडं नेलं. एक्स-रे काढला. ती त्या खोलीतून लंगडत यायची होती, तोवर मला एकट्यालाच आत बोलावलं. डॉक्टर म्हणले, वाट्या झिजल्यात, बदलल्या का बाई पळायला लागतील. पळायला लागतील — हेच शब्द.

मी बाहेर आलो. ती बाकड्यावर पदरानं तोंड पुसत बसलेली. काय म्हणले, असं तिनं नुसत्या डोळ्यानं विचारलं. अन् मी — का, ते सांगतो, जरा दम धरा — मी म्हणलो, "वाटी बदलायला लागती म्हणले. पण तुझ्या मापाची मिळत नाय."

ती अंगानं जरा भरलेली हाय. शेजारचे दोघं-तिघं फिसकन हसले. तीबी हसली. मला वाटलं, झकास जमला. अन् मग बघितलं तर ती हसून झाल्यावर म्हणली, बरं. उठली. माझा खांदा धरून जिना उतरायला लागली.

तिला ते खरं वाटलं होतं. का नाय वाटणार? बांगडीचं माप असतं, चपलेचं असतं, मग वाटीचं नसंल का? अन् नवऱ्यानं डॉक्टरला तोंडानं विचारलेलं. मी म्हणलो, संध्याकाळी सांगू, चेष्टा केली म्हणून. संध्याकाळ झाली. नाय सांगितलं. दुसऱ्या दिवशी सांगायचं म्हणजे आदल्या दिवशी का नाय सांगितलं तेबी सांगा. असं करत करत खोटं मुरलं, लोणच्यासारखं.

पुढचं सांगायला मला जास्त लाज वाटती. 'शेवंताची वाटी' हा माझा हुकमी किस्सा झाला. मी तिच्यासारखा डुलत चालून दाखवायचो. लोक लोळायचे. गावातल्या बाया तिला विचारायच्या, मिळाली का गं वाटी? ती हसून म्हणायची, कुठली मिळती माझ्या मापाची. पोरगी मंगल नाशिकला असती, शिकलेली, तिला हे पटलं नसतं. म्हणून तिला मी फोनवर वेगळंच सांगितलं — आईची शुगर लय हाय, ऑपरेशन होत नाय. वर म्हणलो, आईपुढं विषय काढू नको, मनाला लावून घेती. बघा डोकं! हेच शाळेत चालवलं असतं तर?

मग माझा गुडघा ठणकायला लागला. अन् काय सांगू, माझ्या वेळी सगळं कसं झटपट झालं. दुखलं, दाखवलं, कापलं. शेवंता दवाखान्यात रोज जिना चढून यायची, कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत. मला पाणी पाजायची, पाय चोळायची. नर्सला म्हणली, बरं झालं बाई, ह्यांच्या मापाची मिळाली. नर्सला वाटलं म्हातारी गंमत करती. मी डोळे मिटून घेतले. भूल अजून उतरली नाय असं दाखवलं. भूल कालच उतरली होती.

दीड महिना मंगलकडं राहिलो. तेवढ्यात शेवंताच्या भावाच्या पोरीचं लग्न निघालं, कळवणला. डॉक्टर म्हणले, जा, पण गाडीत पुढं बसा, सीट पार मागं घ्या, पाय लांब ठेवा, अन् मधीमधी थांबून चार पावलं चाला. मंगल गाडी चालवणार. मागच्या सीटवर माझा वॉकर, माझी संडासची खुर्ची, आहेराच्या पिशव्या. मग शेवंताला जागा कुठं? माझ्या मागं. अन् माझी सीट पार मागं.

दिंडोरीला थांबलो. मंगलनं दार उघडलं, मला उतरवलं, वॉकर दिला. चहाच्या टपरीवाल्यानं खुर्ची आणली. मी राजासारखा चार पावलं चाललो. शेवंता आतच. तिला कुणी उतर म्हणलंच नाय. मीबी नाय.

पुन्हा पुढं निघालो. अन् मला पाठीत काहीतरी टोचायला लागलं. आधी वाटलं, सीटचा स्प्रिंग असंल. मग गाडी खड्ड्यात गेली तसं मागून बारीक 'आई गं' ऐकू आलं. ते तिचे गुडघे होते. सीटच्या पाठीतून मला लागत होते. बोलली का काही? नाय. उलट माझ्या खांद्यावर हात ठेवून मंगलला म्हणली, हळू घे गं, ह्यांना हिसका बसतो. मग जरा वेळानं सहज म्हणली, ह्यांच्या मापाची मिळाली म्हणून बरं, नायतर दोघंबी बसून राहिलो असतो.

मंगल म्हणली, मापाची म्हणजे?

शेवंता म्हणली, अगं वाटीचं माप. माझ्या मापाची नव्हती ना.

मंगलनं आरशातून आईकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हणली, "मला तर शुगरमुळं होत नाय म्हणून सांगितलं होतं. नाना?"

माझी दोन खोटी पहिल्यांदा एका गाडीत बसली होती. आयुष्यभर मी गाडीत दाटीवाटीनं लय माणसं कोंबली, पण एवढी दाटी कधी झाली नव्हती. मी काय केलं असंल? मी म्हणलो, गाडी थांबव, मला पाय मोकळा करायचाय.

वणीच्या अलीकडं चिंचेखाली गाडी उभी केली. मंगलनं मला उतरवलं. मी वॉकर धरून उभा. पळायची लय इच्छा, पण वॉकर घेऊन माणूस पळणार कुठं? मी म्हणलो, आधी माझी सीट पुढं सरकव. तिनं सरकवली, आईचं दार उघडलं. शेवंतानं एकेक पाय हातानं उचलून बाहेर काढला. अन् मी तिथं उभ्या उभ्या सांगितलं. डॉक्टर काय म्हणले होते ते. मी काय सांगितलं ते. मापबिप काय नसतं, सगळ्या मापाच्या मिळतात. शुगरचंबी मीच बोललो.

मला वाटलं, ती रडंल. नायतर चप्पल तरी काढंल. दोन्हीची तयारी होती. कांद्याचा एक ट्रॅक्टर गेला, तिनं पदरानं तोंडावरचा धुरळा पुसला. मग म्हणली, "म्हणजे माझ्या मापाची मिळती?"

मी मान हलवली.

"आज बी?"

आज बी, म्हणलो.

काय वाटलं म्हणून सांगू तुम्हाला? शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिच्या तोंडावर — पोरीला पहिल्यांदा जत्रेला न्यायचं म्हणलं का दिसतं ना — तसं काहीतरी आलं. मग तिनं विचारलं, तेव्हा का नाय सांगितलं? अन् मी पुन्हा खोटं बोललो. चिंचेखाली, वॉकर धरून, नव्या गुडघ्यावर उभा राहून. म्हणलो, भ्यालो गं. तुला टेबलावर काय झालं तर, असं वाटलं. तिनं माझ्या हातावर हात ठेवला. म्हणली, येडेच हाय तुम्ही.

मंगल मात्र कळवणपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाय. लग्नघरात शेवंता खुर्चीवर बसून मांडे करणाऱ्या बायांकडं बघत होती. एकीचा मांडा फाटला तशी म्हणली, पुढच्या लग्नाला मी येते.

दिवाळीनंतर तिचा उजवा झाला. माझ्यापेक्षा लवकर उभी राहिली. व्यायामवाली पोरगी म्हणायची, आजी, हळू. आता डावाही होईल उन्हाळ्यात, तारीख तिनंच ठरवली. सकाळी मळ्याच्या रस्त्यानं एकटी फिरून येती, काठी बगलेत. मी बांधावरून बघतो. लय भारी वाटतं. अन् मग तो हातावर ठेवलेला हात आठवतो.

कारण मी भ्यालो नव्हतो हो. टेबलाबिबलाचं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. डॉक्टर म्हणले ना, पळायला लागतील — ते ऐकून मला काय दिसलं? मला माझं रिकामं घर दिसलं. लग्नसराई, कुलूप, शिळी भाकरी अन् मी. तिचे गुडघे गेले तसं रोज संध्याकाळी जीप लावून आलो का ती दारात दिसायची. ताटात गरम भाकरी पडायची. मला ते आवडायला लागलं होतं. तिचं दुखणं मला सोयीचं होतं. झालं. एवढंच कारण हाय, याच्या मागं दुसरं काय नाय.

परवा पिंपळगावकडून मांड्याचं बोलावणं आलं. उठबस करायची नाय, उंच ओट्यावर चूल मांडतो म्हणले, उभ्यानं करा. ती पिशवी भरत होती. मंगल न्यायला आली होती, बाहेर गाडी चालू. मी दारात आडवा उभा राहिलो अन् सगळं सांगून टाकलं. भीतीचं खोटं होतं. भाकरीसाठी केलं. तू घरात राहावी म्हणून केलं.

तिनं पिशवी खाली ठेवली. माझ्याकडं बघितलं. असं बघितलं का मला माझे दोन्ही गुडघे जुने वाटले. मी माफी मागितली नाय. मागायला तोंडच नव्हतं. बाहेर मंगलनं हॉर्न वाजवला तशी शेवंतानं पिशवी उचलली.

"पीठ डब्यात हाय," ती म्हणली. "सरका आता दारातनं."