सुगुणाचा खांदा आणि पट्टाच्या बाहुल्या

दसऱ्याला चार महिने उरले होते आणि सुगुणाचा उजवा हात कानापर्यंतही जात नव्हता. वेणी घालायची तर नवऱ्याला हाक मारावी लागे. तो बिचारा घालायचा, पण वेणीचं दोरखंड व्हायचं. एक्कावन्नावं लागल्यापासून झोप उडाली होती. मध्येच अंगाची लाही व्हायची, आणि सार खारट झालं तरी रडू यायचं.

नणंद शशिकला आली ती ठरवूनच.

"वहिनी, यंदा नवरात्राच्या बाहुल्या माझ्याकडे मांडू. नऊ पायऱ्या चढवायला हात नको का?"

दर नवरात्रात घरात पायऱ्यांवर बाहुल्या मांडायची त्यांच्याकडे रीत होती. त्या बाहुल्यांत सुगुणाला लग्नात आईने दिलेली रक्तचंदनाची राजाराणी होती, पट्टाची म्हणजे मानाची जोडी. सगळ्यात वरच्या पायरीवर ती सुगुणाने तीस वर्षं स्वतःच्या हाताने ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती अग्रहारातल्या, म्हणजे ब्राह्मण आळीतल्या, नंजम्मांच्या योगवर्गात जाऊन उभी राहिली.

नंजम्मा चौऱ्याहत्तर वर्षांच्या. "डॉक्टरांनी हाड शाबूत आहे म्हटलंय ना? मग भिंतीला बोटं लाव आणि मुंगीसारखी वर चालव. अडेल तिथे पाच श्वास थांब."

पंधरा दिवस गेले. फरक तर नाहीच, उलट घेरी येऊ लागली. शेवटी नंजम्मा तिच्यासमोर येऊन ठाकल्या.

"ओठ का हलतायत गं तुझे?"

"देवीची नावं घेते, अम्मा."

सुगुणा ओशाळली. स्वयंपाकघरात तिने घड्याळ कधी पाहिलंच नव्हतं. इडली एकशे आठ नावांत वाफायची, सार चोपन्न नावांत उकळायचं. पाच श्वासांना तिने एकवीस नावं धरली होती.

"दुखलं की मी भरभर म्हणते. लवकर संपतं."

"आणि श्वास?"

"तो नावं संपल्यावर घेते."

बायका खो-खो हसल्या. "देवीला काय बस गाठायचीय?" नंजम्मा म्हणाल्या. "इथे काही शिजत नाहीये, बाई. नावं घरी घे. इथे नुसता श्वास."

नुसता श्वास भलताच अवघड निघाला. त्याच्याआड लपता येत नव्हतं. शवासनात पडल्या पडल्या तिला रडू कोसळलं. शेजारच्या चटईवरच्या बाईने आपला पदर पुढे केला. त्या दुपारी सुगुणा दोन तास झोपली. नवऱ्याला वाटलं, ताप आला.

श्रावण सरेपर्यंत तिची वेणी तिला घालता येऊ लागली. अंगाची लाही थांबली नव्हती, पण झाली की सुगुणा उंबऱ्याशी बसून सावकाश श्वास सोडी, आणि ती ओसरून जाई.

नवरात्राच्या पहिल्या सकाळी शशिकला बाहुल्यांच्या पेट्या न्यायला आली. पायऱ्या मांडलेल्या होत्या. सुगुणाने तिच्यादेखत हात वर नेला. सातव्या पायरीला तो पोचला, आठवीला खांदा अडला. गेल्या वर्षीची सुगुणा हट्टाने स्टुलावर चढली असती. आज तिने श्वास पूर्ण सोडला.

"शशी, वरच्या दोन फळ्या काढ."

"सातच? आपल्याकडे नऊ असतात!"

"विषम आकडा झाला म्हणजे झालं. सातव्या मजल्यावरूनही राज्य दिसतं त्यांना."

शशिकला तोंडाला पदर लावून हसली. "आणि नाहीच दिसलं तर?"

"तर राजाला म्हणावं, नंजम्मांकडे ये. आण ती राणी इकडे."

आणि उजव्या हातानेच तिने राणीला वर बसवलं.