काकांचा गधेगळ

नव्या पनवेलच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी गेली बावीस वर्षं रक्त-लघवीचे नमुने तपासते. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्यावर संध्याकाळी काहीतरी लांबचं बघावंसं वाटतं. मी हजार वर्षं लांबचं बघायला लागले. शिलालेख वाचायचा एक वर्ग केला आणि कोकणातल्या जुन्या अवशेषांवर गप्पा मारणाऱ्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात शिरले. तिथं नियम एकच होता, राजकारण नको.

तो नियम रोज मोडणारे एक गृहस्थ होते, उरणच्या बाजूचे. कुणी लेण्याचा फोटो टाकला की यांचा प्रश्न ठरलेला, 'ही डोंगरी आदी कुनाची व्हती?' लिहिण्यात चुका इतक्या, की ग्रुपातली शिकलेली मंडळी त्यांचं शुद्धलेखन सुधारून परत पाठवायची. एकदा त्यांनी लिहिलं, 'आमच्या गावात शिळा हार हाय.' मी उत्तर दिलं, 'मग टाकून द्या, ताजा आणा.' वीस-पंचवीस जण हसले.

खरं भांडण झालं विमानतळावरून. धावपट्टीसाठी टेकडी कापली, नदी वळवली, गावं उठली, यावर ग्रुपात रडारड चालली होती. मी लिहिलं की शहर वाढायचं तर काहीतरी जाणारच, जुन्या मूर्ती म्युझियममध्ये ठेवता येतात. लगेच त्यांचं उत्तर आलं, 'बाय, तुमची बिल्डिंग कुनाच्या भातशेतीत उभी हाय?'

मला राग आला, कारण मला ते माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्या इमारतीत राहून मी तो प्रश्न कधी विचारलाच नव्हता. मी काहीतरी तिखट लिहिलं, त्यांनी आणखी तिखट लिहिलं. अ‍ॅडमिनने दोघांना दटावलं, 'इथे फक्त दगडांवर बोला.' त्यावर त्यांचा शेवटचा मेसेज होता, 'दगडावर पन राजकारनच कोरलंय.' आणि ते ग्रुप सोडून गेले.

दोनेक महिन्यांनी दुपारी लॅबमध्ये असताना त्यांचा मला एकटीला मेसेज आला. सोबत एक फोटो. मातीत आडवा पडलेला लांबट दगड, वरच्या टोकाला सूर्य आणि चंद्र कोरलेले. खाली लिहिलं होतं, 'गधे गळ्यात हाय. उद्या ट्रक भरनार. तुमाला वाचता येतं ना?'

मी ते तीनदा वाचलं तेव्हा उजेड पडला. गधेगळ! जमीन दान दिल्याचा राजाचा हुकूम आणि तो मोडणाऱ्याला दिलेली शिवी, दोन्ही एकाच दगडावर. म्हणजे मागचा तो शिळा हारही हार नव्हता. शिलाहार राजांच्या काळातलं काहीतरी त्यांच्या गावात होतं, आणि मी खिदळले होते. मी फोन लावला.

"काका, हे तुम्ही टाइप करता?"

"नाय वो. माझी बोटं मोबाइल घेतच नाय. मी बोलतो, तो लिवतो. त्याला आमची भाषा कळत नाय, त्याला मी काय करू?"

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी उरणच्या बसनं द्रोणागिरीच्या पुढे उतरले. कंटेनरच्या रांगा, धूळ, गोदामांचे निळे पत्रे. नाक्यावर पांढरा सदरा घातलेला, सत्तरी ओलांडलेला उंच माणूस उभा होता. फोनवर आवाज ऐकेपर्यंत मनात मी एक पंचविशीतला भडक डोक्याचा पोरगा धरून चालले होते.

"म्युझियमवाल्या बाय ना तुमी?" त्यांनी विचारलं. मी मान खाली घातली. ते हसले आणि चालायला लागले.

गोदामाला जाणाऱ्या गटारीच्या खोदकामात दगड निघाला होता, आणि माती भरायला आलेला ट्रक काकांनी अडवून धरला होता. वरचा सूर्य-चंद्र दिसत होता, पण खालच्या अर्ध्या भागावर काकांनी आपला टॉवेल पसरला होता, चारी कोपऱ्यांना खडे ठेवून.

"तेवढं नका बघू," ते दुसरीकडे बघत म्हणाले. "बाईमानसानं बघन्यासारखं नाय."

गधेगळावर ती शिवी चित्रात कोरलेली असते. एक बाई आणि गाढव. मी म्हटलं, "काका, मी रोज लॅबमध्ये काय काय बघते ते सांगितलं तर तुम्ही जेवणार नाही." तेव्हा कुठे त्यांनी टॉवेल उचलला, पण स्वतः मात्र पाठ करून उभे राहिले.

दगड पाण्यानं पुसला, पर्समधल्या आरशानं तिरपं ऊन टाकलं. अक्षरं फार झिजली होती. तासाभरानं एका ओळीत 'जो' लागला आणि बरीच जागा सोडून 'लोपी'. म्हणजे जो कोणी हे दान मोडेल तो. कुणाची जमीन, कुणाला दिली, तो भाग गेलेला होता.

काका शेजारी उकिडवे बसले. "मंजे तवापन जमिनी घेत व्हते."

"घेत असणार. म्हणून तर शिवी दिली."

"आमची घेतली तवा आमाला कागद दिला. शिवी कुनी दिली नाय," ते म्हणाले, आणि माझ्या बिल्डिंगचा विषय त्यांनी त्या दिवशी काढला नाही. तो मीच काढला. माफी मागितली. त्यांनी "ऱ्हाऊ द्या" म्हटलं आणि पाण्याची बाटली पुढे केली.

मी फोटो आणि अर्ज घेऊन तहसील कचेरीत गेले. एक अधिकारी येऊन मापं घेऊन गेले. तोवर दगड खोदकामात कसा ठेवायचा? गावदेवीच्या देवळाशी न्यावा म्हटलं तर गावात दोन मतं पडली. असला शिवीचा दगड देवळाशी नको, असं काहींचं म्हणणं. शेवटी काकांच्या बायकोनं, काकूंनीच सुनावलं, "शिवी चोराला हाय, तुमी का घाबरता?" मग गोदामाच्या क्रेननं तो उचलून गावदेवीच्या तळ्याकाठी उभा केला. क्रेनवाल्यानं त्याआधी चपला काढून ठेवल्या होत्या.

काका ग्रुपात परतले. आम्ही अजून भांडतो. विमानतळावर, निवडणुकीवर, कुणाचं नाव कशाला द्यायचं यावर. सुट्टीच्या दिवशी मात्र एकत्र दगड शोधत फिरतो.

गेल्या हिवाळ्यात कर्नाळ्याला गेलो. अर्ध्या चढावर काकांचे गुडघे बोलायला लागले. एका झाडाखाली बसून ते पहिल्यांदाच आपल्या वडिलांच्या मिठागराबद्दल बोलले. मग म्हणाले, "तुमी जा वर. खाडीकडं बघा, आमची जागा दिसते का."

वरून मी बराच वेळ बघितलं. धुरकट हवा, पाण्याची चकाकणारी रेघ, चौकोनी छपरं. तितक्यात त्यांचा फोन आला.

"दिसलं का?"

हो म्हणावं असं फार वाटलं. पण या माणसाशी खोटं बोलवेना. "नाही काका. मला ओळखू येत नाही."



"बरं," ते म्हणाले. "उतरा सावकाश. काकूनं भाकऱ्या दिल्यान, तुमच्यासाठी थांबलोय."