कुंपण नसलेला तुकडा

आधीच सांगून टाकतो, मी भुताखेतांतला माणूस नाही. झाड का वाढत नाही ह्याचं कारण मातीत शोधायचं, मुंज्यात नाही, असं मानणाऱ्या जंगल खात्यात माझी उमेदीची वर्षं गेली. गावात कुणी भगताकडे निघालं की मी मुद्दाम वाटेत गाठून चिडवायचो. तेव्हा पुढचं वाचून तुम्ही हसलात तर माझी तक्रार नाही... तुमच्या जागी मीही हसलोच असतो.

गोष्ट स्वराज्याच्या आधीची, दुसरी मोठी लढाई चालू होती तेव्हाची. जागा — सडक अर्जुनीपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसावरचं जंगल. तिथल्या एका उतारावर बिजाची जुनी, धिप्पाड झाडं होती. बिजा म्हणजे घाव घातला की ज्याच्या सालीतून लालभडक रस गळतो, ते झाड. लढाईपायी रेल्वेला रुळांखाली घालायला लाकडी स्लीपर हवे होते आणि ठेकेदाराचा डोळा नेमका ह्याच झाडांवर. वरून हुकूम आला — ह्यांच्या बियांची रोपं इथं जगतात असं दाखवा, मग बियाण्यासाठी म्हणून झाडं राखू. नाहीतर कुऱ्हाड.

ते दाखवायचं काम माझ्याकडे होतं. मी झाडांखाली दोन सारखे तुकडे आखले आणि दोन्हींत त्यांच्या बियांची रोपं लावली. एकाला काटेरी तारेचं कुंपण घातलं, दुसरा मोकळा ठेवला. बिजाचा पाला गुरांना भारी आवडतो, म्हणजे मोकळ्यातली रोपं ती खाणार आणि कुंपणानं किती फरक पडतो ते कळणार. प्रयोग म्हटला की तुलना आली, अन् तुलनेसाठी एक तुकडा गुरांच्या तोंडी देणं आलंच.

पण हे सुगनबाईला कोण समजावणार? तिचा मुलगा मंगरू गावचा ढोरकी. गावभरची गुरं चारायची आणि दुपारी ह्याच बिजांच्या सावलीत बसवायची, हा त्याचा नेम. म्हातारी त्याची पेज घेऊन यायची आणि काठी घेऊन माझ्या मोकळ्या तुकड्यात ठाण मांडायची. गुरांनी गवत खाल्लं तर काही नाही. रोपाला तोंड लावलं की नाकावर फटका!

"आजी, खाऊ द्या की त्यांना. त्यासाठीच ठेवलाय हा तुकडा," मी म्हणायचो.

"कायले? लेकरावानी रोपं हायेत, अन् तू ढोरायले चारून राहिला? कोनं शिकवलं रे तुले हे?"

"अहो, प्रयोग आहे हा!"

"आग लागो तुह्या परयोगाले. उद्या हे झाडं गेले, त माह्या पोरानं दुपारी बसावं कोठं?"

पालथ्या घड्यावर पाणी. माझ्या तुलनेचे तीन तेरा वाजवले तिनं. पण खरं सांगू का, तिच्याशी भांडल्याशिवाय मला दुपार गोड लागायची नाही.

पोळ्याच्या सुमारास ती गेली. मला फार वाईट वाटलं. मंगरू तर कितीतरी दिवस कुणाशी धड बोलला नाही. गुरं घेऊन यायचा आणि नुसता बसून राहायचा. आता मोकळा तुकडा सफाचट होणार हे मी धरूनच चाललो. माझी सगळी भिस्त कुंपणावर होती.

आणि तिथंच घात झाला. चरायला कोणी नाही म्हणून कुंपणात गवत कमरेइतकं माजलं आणि त्याखाली रोपं गुदमरून मेली. ज्या कुंपणानं ती वाचवायची, त्यानंच ती मारली. मी कपाळाला हात लावला.

मोकळ्या तुकड्यात मात्र प्रत्येक रोप जागच्या जागी, टवटवीत. गुरं रोज तिथं शिरत होती. गवत अगदी रोपाच्या बुडापर्यंत खात होती. पण पाल्याजवळ तोंड गेलं की मान झटकून मागं! मी पाला चोळून वास घेतला, चावून पाहिला, माती तपासली. काही नाही. शेवटी मनाची समजूत घातली — म्हातारीच्या काठीची सवय, दुसरं काय.

दिवाळीनंतर मोठे साहेब पाहणीला आले. माणूस उत्तरेकडचा, कडक. गावात पाय ठेवला नव्हता. थेट गाडीतून उतारावर आले होते. सुगनबाई हे नावसुद्धा त्यांना माहीत असायचं कारण नाही. गुरं गवत खातात पण रोपांना तोंड लावत नाहीत, एवढंच मी सांगितलं, तसे ते हसले.

"आदत है. मेरी गाड़ी के बैल छोड़ो."

ते बैल त्या जंगलात पहिल्यांदाच आलेले, आणि भुकेले. सोडल्याबरोबर गवताला भिडले. एकानं रोपाकडे जीभ काढली... आणि मान झटकून असा मागं सरला की मागं उभा असलेला गाडीवान पडता पडता वाचला. दुसऱ्याचं तेच. साहेब गंभीर झाले. स्वतः आत शिरले, मुळं पाहायला उपटावं म्हणून एका रोपाला हात घातला — आणि झटक्यात काढून घेतला. मनगट चोळत ते समोर बघत राहिले. समोर कोणी नव्हतं.

"माफ करना, माई," ते हळूच म्हणाले.

बाहेर आल्यावर मला विचारलं, "वो बुढ़िया कौन है? लाठीवाली?"

 गुरांजवळ बसलेला मंगरू धावत पुढं आला. ज्या साहेबांसमोर पाटील मान वर करत नसे, त्यांचा त्यानं हात धरला.

"माय दिसली जी तुमाले? मी रोज येतो, मले नाई दिसत. खोकून राहिली होती का? शेवटाले लय खोकला होता जी तिले... झोपू नाई द्यायचा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"खाँसी? नहीं तो. डाँट रही थी मुझे. बहुत जोर से."

मंगरूच्या डोळ्यांना धारा लागल्या, आणि तो चक्क हसला. "डाटून राहिली होती? मंग बरी हाय," म्हणाला, आणि गुरांकडे निघून गेला.

बिजाची झाडं साहेबांनी राखली. हुकमात काय कारण दिलं ते मी विचारलं नाही. बैल का बिचकले, साहेबांनी काय पाहिलं, ह्याचा उलगडा मला आजतागायत झालेला नाही, आणि आता होईल असंही वाटत नाही. कुणी म्हणतं, साहेबांनी त्या पोराचं मन राखायला बनवून सांगितलं असेल. असेलही बुवा. पण लाठीवाली म्हातारी आहे, हे त्यांना मंगरूनं सांगितलं नव्हतं, आणि मीही नाही.